मीटर वाजला, गाडी नाही: तारकर्लीच्या मांगरातले तीन दिवस

बुधवारी दुपारी मामीचा फोन आला. मी लॅबमध्ये होते. मामी फोनवर 'हॅलो' म्हणत नाही.

"मांगर रिकामो होयो. सोमवारी गवंडी येतले. तुझो बेडूक रविवारी चार वाजेपर्यंत घेवन जा. नायतर कुडाळचो भंगारवालो टेम्पो घेवन येतलो. तेका मी सांगलंय."

मांगर म्हणजे घराशेजारची कौलारू शेड. मामीला तिथे पर्यटकांसाठी दोन खोल्या काढायच्या आहेत. तारकर्लीत आता बहुतेक घरांनी काढल्यात, मामी मागे राहिली होती. आणि बेडूक म्हणजे मामाची गाडी. लाल, दोन माणसांची, टप उघडणारी, तिशीला आलेली जपानी स्पोर्ट्स कार. बटण दाबलं की तिचे पुढचे दिवे डोळे वटारल्यासारखे वर येतात, म्हणून बेडूक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की टिप्पण्यांत सगळे गाडीवरच बोलतात, रस्ता कोणी विचारत नाही.

मामा जहाजावर इंजिनीअर होता. दोन वर्षांपूर्वी गेला. जाण्याआधी गाडी त्याने माझ्या नावावर केली होती. मीटर कसा धरायचा हे मी आठवीत असताना त्याच बॉनेटवर वाकून शिकले. पुण्यात झाकलेलं पार्किंग मिळायला मला दोन वर्षं लागली, ते गेल्या महिन्यात मिळालं. म्हणजे गाडी न्यायचीच होती, फक्त चार दिवसांत न्यायची नव्हती. शिवाय ती दसऱ्यापासून सुरूच होत नव्हती. हे मामीने फोन ठेवता ठेवता सांगितलं.

शुक्रवारी पहाटेच्या बसने निघाले. पुण्याहून कणकवलीपर्यंत थेट बस मिळते, आठ-नऊ तास धरून चाला. कणकवली स्टँडवर मालवणची एसटी लगेच लागलेली होती. मालवणातून तारकर्लीला रिक्षा अडीचशे रुपये म्हणतात, दोनशेत येतात. डिसेंबरमध्ये जाणार असाल तर शनिवार-रविवार खोली आधी ठरवून जा. माझ्या पाठपिशवीत दोन जोड कपडे, मल्टिमीटर, पान्यांचा संच आणि एक वही होती. शेजारच्या सीटवरच्या काकूंनी पान्यांचा आवाज ऐकून दोनदा पिशवीकडे पाहिलं.

पोचले तेव्हा पाच वाजत आले होते. मांगराच्या दारात बाबलकाका बसले होते. ते मामीचे शेजारी, मामाचे लहानपणापासूनचे मित्र. त्यांची स्वतःची होडी आहे. मामा गेल्यापासून, पावसाचे महिने सोडले तर, दर रविवारी सकाळी ते येऊन गाडी पुसायचे, पाच मिनिटं सुरू ठेवायचे आणि बंद करून जायचे. याबद्दल त्यांना कोणी काही दिलेलं नाही, त्यांनी मागितलेलं नाही.

"इलंस? आधी गाडी बघ, मगे चाय घे," ते म्हणाले.

गाडी बघितली. मला धक्का बसला, तो चांगल्या अर्थाने. समुद्रापासून दोन मिनिटांवर, खाऱ्या हवेत, दोन वर्षं उभी असलेली गाडी अशी दिसत नाही. बॉनेट उघडलं तर आतला एकही बोल्ट लाल झालेला नव्हता.

"काय होतं नेमकं?" मी विचारलं.

"पावसाआधी एका सेल्फात चालू जाय. दसऱ्याक हार घातलंय, नारळ फोडलंय, चावी फिरवलंय, तर नुसता टक्. मगे कितीय फिरव. टक्."

"पावसाआधी आणि दसऱ्याच्या मध्ये काय बदललं?"

"काय्येक नाय. पावसात होडी वर काढलेली, मी रिकामो. तेवां हिची साफसफाई केलंय, बॅटरी चार्जिंगक लावलंय. बाकी कशाक हात लावक नाय."

मी वहीत लिहिलं: बदल, नाही.

मग नेहमीच्या क्रमाने तपासत गेले. या गाडीची बॅटरी पुढे नसते, डिकीत असते. मोजली, १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. फ्यूज ठीक. इंजिन रबरावर बसलेलं असतं, म्हणून विजेला परतीची वाट मिळावी यासाठी इंजिनापासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत एक जाड वेणीची पट्टी जोडलेली असते. गॅरेजवाले तिला अर्थ म्हणतात. पट्टी स्वच्छ, तिचा बोल्ट काळा कुळकुळीत, कारखान्यातून आल्यासारखा. मीटरची एक टोचणी इंजिनाला, दुसरी सांगाड्याला लावली. मीटर वाजला, म्हणजे वाट मोकळी. बरोबरची खूण केली.

चावी फिरवली. टक्.

पुन्हा फिरवली. इंजिन पूर्ण दोन फेरे फिरलं, थांबलं. पुन्हा टक्. नंतर वीस वेळा फक्त टक्.

हे दोन फेरे मला छळणार होते. न चालणारी वस्तू समजते. अर्धवट, लहर लागल्यासारखी चालणारी वस्तू समजत नाही.

रात्री जेवायला बांगड्याचं तिखलं, भात आणि सोलकढी होती. मामी माझ्या वहीकडे बघत म्हणाली, "तुझो मामा पण असोच जेवताना लिवी. तेचा बांगड्यार लक्ष नसायचा आणि काट्यारय नसायचा." मी वही मिटली.

शनिवारी सकाळी मालवणहून सायमन मेस्त्री आले. मेस्त्री बरीच वर्षं गोव्यात म्हापशाला गॅरेजमध्ये होते, मामाच्या वेळेपासून ही गाडी त्यांच्याकडेच जायची. त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घालून सगळ्यात आधी "किती साफ ठेवलीहास रे, बाबल," असं म्हटलं. बाबलकाकांनी मान थोडी खाली घातली. खूश झाले होते.

मेस्त्रींनी आपली पिकअप समोरासमोर लावली. त्यांच्या केबल मागे डिकीपर्यंत पोचेनात, म्हणून त्यांनी एक चिमटा थेट स्टार्टरच्या टोकाला आणि दुसरा इंजिनाच्या लोखंडाला लावला.

"मार सेल्फ."

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. मामी स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. बाबलकाका टपावर थापट्या मारत राहिले.

"बॅटरीच," मेस्त्री म्हणाले.

"बारा पॉइंट सहा आहे," मी म्हणाले.

"गो बाय, आकडो दाखवता म्हणून ताकद आसता असा नाय. माझ्या सासऱ्याचा वजनय ऐंशी किलो आसा."

यात तथ्य होतं. भरलेली दिसणारी बॅटरी भार पडला की ढेपाळू शकते. ते मालवणातून नवी आणतो म्हणाले. मी म्हटलं, तोवर इंजिन बंद करत नाही, चक्कर मारून येते. मामी कधी नव्हे ते शेजारी बसली, पदर डोक्यावरून घेऊन गाठ मारून.

देवबागचा रस्ता तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. जमीन निमुळती होत जाते, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये माड आणि एक अरुंद रस्ता. समोरून टुरिस्ट बस आली तर कोणीतरी एकाने कुणाच्या तरी अंगणात शिरायचं. टोकाला संगम आहे, तिथे बोटवाले गाडीला घेराव घालतात. आम्हाला घातला नाही. ते दिव्यांकडे बघत होते. मामीने विचारलं, "ते डोळे उघडूचा बटण खंयचा?" आणि परतीच्या रस्त्यावर भर दुपारी अकरा वेळा उघडमीट केली. उजवा दिवा डाव्याच्या अर्धा सेकंद मागे येतो.

परत आलो, गाडी बंद केली, नवी बॅटरी बसवली. चावी फिरवली.

टक्.

मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी मीटरकडे. मीटर १२.७ म्हणत होता.

पुढचे तीन तास काही कळत नव्हतं आणि प्रत्येकाला काहीतरी कळलेलं होतं. मेस्त्रींच्या मते स्टार्टर अडकत होता, पण मग सकाळी तोच स्टार्टर कसा फिरला? माझ्या मते चावीचं कुलूप खराब होतं. ते वगळून तार थेट जोडली, तरी टक्. बाबलकाकांच्या मते गाडीला धक्का मारायला हवा होता. अंगणात घोट्यापर्यंत वाळू आहे, तिघांनी ढकलली तर गाडी चार बोटं पुढे गेली आणि मामीच्या तुळशीजवळ रुतली. मामीच्या मते गाडीला मेस्त्रींची पिकअप आवडली होती.

एका बॅटरीवर सुरू होते, तिच्याहून चांगल्या बॅटरीवर होत नाही. वहीत हे वाक्य मी तीन वेळा लिहिलं. लिहून ते जास्त समजेल असं वाटत होतं.

संध्याकाळी जाताना मेस्त्री म्हणाले, "उद्या चर्चात मिसा झाल्यार येतंय, केबल लावन चालू करून दितंय. बंद करू नको, सरळ पुण्याक जा."

चारशे किलोमीटर, मध्ये फोंडा घाट, आणि एकदाही बंद करायची नाही. पेट्रोल भरतानाही नाही. मी "बघू" म्हणाले, म्हणजे नाही म्हणाले. जिथे बंद पडली तिथून उचलायला मला भंगाराचाच टेम्पो शोधावा लागला असता.

बाबलकाका थांबले होते. "चार वाजता तो येतलो," ते म्हणाले. "भंगारवालो." आणि थोड्या वेळाने, "मी तुझ्या मामाक सांगलेलंय. गाडयेक गंज लागाक देवचंय नाय. गंज लागाक देवक नाय मी. तरीपण."

त्यांचं 'तरीपण' पुढे गेलं नाही.

रविवारी सातला उठले. पेज आणि भाजलेला सुका बांगडा खाल्ला. पेज उकड्या तांदळाची असते, होमस्टेमध्ये आदल्या दिवशी सांगून ठेवलीत तर करतात. मग अंगणात रुतलेल्या गाडीत बसले आणि काहीही न तपासता, नुसती चिडून, ओळीने सहा-सात वेळा चावी फिरवली. मग बॉनेटमध्ये वाकले आणि तोल जाऊ नये म्हणून हाताला लागलं ते धरलं. ॲक्सिलरेटरची केबल होती.

गरम होती.

इंजिन थंडगार, आणि ही केबल चहाच्या कपासारखी गरम. ती पायाच्या पेडलपासून इंजिनापर्यंत जाते, नुसती ओढायची दोरी आहे ती. तिच्यातून वीज जायचं काहीही कारण नाही. वीज तिच्यातून गेली असेल तर एकाच अर्थाने: इंजिनातून सांगाड्याकडे परतायची तिची मोठी वाट बंद आहे आणि ती मिळेल त्या पायवाटेने परतते आहे.

पण मोठी वाट मी शुक्रवारीच तपासली होती. मीटर वाजला होता.

"मामी, जरा गाडीत येऊन बस."

"माका ड्रायव्हर केलंस काय?" मामी बसली. क्लच कुठला ते दाखवलं. मीटरची एक टोचणी इंजिनाला, दुसरी सांगाड्याला, आणि या वेळी आवाजावर नाही, व्होल्टवर. "फिरव."

टक्. मीटरवर ७.१.

इथे पाव व्होल्ट दिसला असता तरी जास्त होता. बॅटरीची निम्म्याहून जास्त ताकद त्या एका पट्टीच्या टोकाशी संपत होती. मीटर वाजवायला केसाएवढा स्पर्श पुरतो, स्टार्टर फिरवायला पुरत नाही. हे मी कॉलेजात शिकले होते, लॅबमध्ये नव्या मुलांना दरवर्षी सांगते. आणि सुट्टीवर आले म्हणून की बोल्ट इतका सुरेख काळा होता म्हणून, ते विसरले होते. मेस्त्रींनी चिमटा थेट इंजिनाला लावला तेव्हा ही पट्टी वाटेतून वगळली गेली होती. गाडीला पिकअप आवडली नव्हती.

दहाचा पाना घेतला आणि बोल्ट सैल करायला लागले, तेवढ्यात बाबलकाका आले. हातात पिशवी, तिच्यात माझ्यासाठी सुके मासे.

"थांब, थांब. तो बोल्ट कित्याक काढतंस? तो बरो आसा. मियाच रंगवलंय."

मी थांबले.

"नुसतो वरसून नाय," ते जवळ येऊन, बोटाने दाखवत म्हणाले. "काढलंय, गंज घासलंय, पट्टेक दोनय बाजूंक रंग, बोल्टाक रंग, खालच्या पत्र्याक रंग. दोन दोन हात. सुकवलंय, मगे बसवलंय. होडयेत लोखंड नागडा बसवूचा नसता गो. खारो वारो फटीतसून शिरता आणि आतसून खाता. होडयेचो नंबर लिवतंव ना, तो काळो रंग. हेका बरो मॅच झालो."

होडीच्या बाबतीत त्यांचं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. होडी विजेवर उभी नसते.

बोल्ट निघाला. पट्टीच्या पोटाला, पत्र्यावर, गुळगुळीत काळा रंग. एकही ओघळ नाही. फक्त आट्यांवर दोन ठिकाणी, केसाएवढं, चमकणारं लोखंड. मीटर त्याच्यावरच वाजला होता.

त्यांना काही न सांगणं शक्य होतं. 'पट्टी सैल होती' म्हटलं असतं तर ते मासे देऊन घरी गेले असते. मी तसं म्हणायला तोंड उघडलंही. पण ते माझ्याकडे बघत नव्हते, पट्टीच्या रंगावर मी धरलेल्या सँडपेपरकडे बघत होते.

"माझ्यामुळा?"

"हो," मी म्हणाले. "रंगातून वीज जात नाही. इथे लोखंडाला लोखंड टेकायला लागतं." मग पुढचंही सांगितलं, कारण ते नसतं सांगितलं तर हिशोब अर्धा राहिला असता. "मी शुक्रवारीच ही तपासली होती. बरोबरची खूण केली होती. चुकीची तपासली."

बाबलकाका जवळच्या लाकडी ठोकळ्यावर बसले. मामी अजून ड्रायव्हरच्या सीटवरच होती, क्लच दाबून. कोणी तिला सोड म्हटलं नव्हतं.

"दोन म्हयने," ते म्हणाले, "दर रविवारी तिच्यापुढे अगरबत्ती लावलंय. आणि मीच बांधून घातलेलंय तिका."

"मरांदे रे बाबल," मामी आतून म्हणाली. "ते असते तर तेंनीय तुका रंगवूक दिल्यानी असता. वर उभे रवान हात कसो फिरव ता सांगल्यानी असता."

ते हसले नाहीत. पण उठले आणि माझ्या हातातला सँडपेपर घेतला. "दी हयसर. घासूक माका येता."

त्यांनी स्वतःचे दोन हात रंग स्वतः घासून काढले. वीस मिनिटं लागली, घाई केली नाही. पट्टीचं टोक, पत्र्यावरचा रुपयाएवढा गोल, बोल्टचं बूड, सगळं पांढरं चकचकीत. मी पट्टी बसवली, बोल्ट आवळला.

"आता असाच नागडा ठेवतलंस?" त्यांनी विचारलं. आवाजात काळजी होती आणि ती रास्त होती. सहा महिन्यांत तिथे गंज आला असता.

"आतून नागडं. वरून रंग. क्रम तेवढा उलटा."

ते घरी गेले आणि नंबराच्या रंगाचा डबा नि बारीक ब्रश घेऊन आले. बोल्टच्या डोक्यावर, पट्टीच्या कडेने, जिथून वारा शिरेल तिथे तिथे. एक हात.

"मामी, फिरव."

एका सेल्फात.

मामीने घाबरून क्लच सोडला. गाडी एक फूट उडी मारून बंद पडली आणि तुळस दुसऱ्यांदा वाचली. पुन्हा फिरवली, पुन्हा सुरू. मी नऊ वेळा बंद करून नऊ वेळा सुरू केली. मेस्त्री मिसाहून इस्त्रीच्या शर्टातच आले, ऐकलं, आणि नव्या बॅटरीकडे बघून म्हणाले, "ती परत नेतंय. तुझा बारा पॉइंट सहा खराच होता. सासऱ्याचा वजन मातर तसाच आसा."

भंगारवाला चारऐवजी साडेबारालाच आला. मामीने त्याला दोन गंजकी पिंपं आणि एक खाट देऊन वाटेला लावलं.

एक वाजता निघाले. तारकर्ली, मालवण, चौके, कट्टा, कसाल. रस्ता चांगला आहे, वळणं आहेत, या गाडीला वळणं आवडतात. कसालला चहासाठी थांबले आणि मुद्दाम बंद केली. चहा पिताना तिच्याकडे बघितलं नाही. सुरू झाली. कणकवलीहून फोंडा घाटाने वर, राधानगरीमार्गे कोल्हापूर. घाटात खड्डे होते आणि लाकडं भरलेले ट्रक होते, टप उघडा ठेवलात तर त्यांच्या मागे राहू नका. मुक्काम कोल्हापुरात केला, कारण जुन्या दिव्यांवर अंधारात हायवेला जायचं नव्हतं. सोमवारी साडेदहाला पुण्यात.

काय राहिलं म्हणाल तर आधी ते दोन फेरे. शुक्रवारी संध्याकाळी इंजिन दोनदा फिरलं, ते का? केसाएवढा स्पर्श क्षणभर मोठा झाला असेल. त्या दोन ठिकाणी ठिणगी पडली असेल. मला माहीत नाही. वहीत 'बदल, नाही' खोडून 'साफसफाई' लिहिलं, पण दोन फेऱ्यांसमोरची जागा रिकामी आहे.

पुण्यात सर्व्हिसिंगला टाकली तेव्हा तिथल्या माणसाने विचारलं, हे बोल्टवर ब्रशने काय फासलंय, काढून टाकू का? रंगात ब्रशचा एक केसही अडकला आहे. नको म्हटलं.

रविवारी सकाळी, बाबलकाका जेव्हा मांगरात जायचे त्या वेळेला, त्यांचा फोन येतो. मी खाली पार्किंगमध्ये जाते, फोन बॉनेटवर ठेवते, चावी फिरवते. ते पाच मिनिटं ऐकतात. आम्ही फारसं बोलत नाही. गेल्या रविवारी मात्र फोन ठेवण्याआधी ते म्हणाले, "एकच हात मारलेलो आपण. दुसरो रवलो. पावसाआधी घेवन ये."

"आणते," मी म्हणाले.

"बाहेरसून मारतंय," ते म्हणाले. "बाहेरसूनच."